एमएमए जिमचे तीन महिने, मर्दानी खेळ शिकलेल्या पोरीकडून

मी मूळची कोल्हापूरची, सातवी ते बारावी तालमीत मर्दानी खेळ शिकलेय, लाठी, दांडपट्टा, फरी-गदगा (ढाल आणि चामडं मढवलेली काठी) सगळं, त्यामुळं पुण्यात आल्यावर मला कोण काय शिकवणार अशी मिजास होती डोक्यात.

मग ऑफिसात बायकांसाठी दोन तासांचं सेल्फ डिफेन्स वर्कशॉप झालं. सर मनगट धरणार, आपण अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा, हात सुटला की टाळ्या. घरी येऊन भावाला म्हटलं धर. धरलं त्यानं, आणि मी झटके देत बसले, सुटेचना, कारण सर सोडत होते आणि हा गडी सोडत नव्हता.

म्हणून घराजवळच्या एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकत्र) जिमला तीन महिन्यांचे पैसे भरले (नाव टाकत नाही, खाली तक्रारी आहेत). दोन दिवस किकबॉक्सिंग, एक दिवस जुजुत्सू (जमिनीवरची धरपकड). पहिल्याच आठवड्यात कोचनं डबल लेग (दोन्ही पाय धरून पाडायचा डाव) दाखवला आणि मला हसूच आलं, अहो हा तर आपला दुहेरी पट, आमच्याकडं शेंबडं पोरगं पण मारतंय! पण कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला, इथं पाठ टेकल्यावर कुठं सुरुवात होते. माझ्याहून दहा किलोनं हलकी कॉलेजची पोरगी छातीवर बसली, मी मासोळीसारखी तडफडून मिनिटात दम घालवला आणि तिनं निवांत माझा हात ओढून आर्मबार लावला (कोपर उलटं ताणायचा डाव), गपगुमान टॅप केलं, म्हणजे थाप मारून हार मानली. आता कुणी अशी छातीवर बसली तर सुटता येतं. तिचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवायचा, कंबर जोरात उचलायची आणि त्या अंगाला पलटी मारायची. एवढं एक जमायला दोन महिने गेले, पण समोरची सगळा जोर लावत असताना जमतंय.

मग आपलं जुनं वाया गेलं का, तर अजिबात नाही. ठोसा आला की माझा पाय आपोआप तिरका पडतो, ते पवित्रे तालमीतलेच. फरी-गदग्यात तर समोरचा खरंच मारतो, चामड्याचा गदगा मांडीवर बसला की दोन दिवस वळ जात नाही. पण मिरवणुकीत पट्टा फिरवणं, लिंबू कापणं ही कला झाली, 2024 ला दांडपट्टा राज्यशस्त्र झाला तेव्हा स्टेटस पहिलं माझंच होतं, तरी रात्री रिक्षात पट्टा कुठनं आणू? छत्री असली हातात तर बघून घेईन म्हणा.

जुजुत्सू पण सगळीकडं चालत नाही, डांबरावर लोळायचं आणि दुसरा कुणी लाथ घालायला उभा असेल तर मेलोच. हे कोचनं स्वतः सांगितलं. चाकू दिसला तर काय करायचं विचारलं तर म्हणाला, पळायचं. हिरोगिरीचा एक डाव दाखवला नाही, एक स्टार त्याचाच.

तक्रारी. मॅट रोज पुसत नाहीत, मला कोपराला गजकर्ण झालं, महिनाभर मलम. ग्लोव्ह्ज फीमध्ये नाहीत, पहिल्या दिवशी कुणाचे तरी ओले घातले, तो वास अजून आठवतोय. पाचपैकी साडेतीन, पुढचे तीन महिने भरलेत, ग्लोव्ह्ज स्वतःचे घेतलेत.