मुक्कामी गाडी: एसटीच्या साध्या सेवेविषयी

पाटण तालुक्यातील आमच्या वाडीवर रात्री आठच्या सुमारास येणारी आणि पहाटे सहाला परत फिरणारी मुक्कामी एसटी मी अनेक वर्षे वापरतो आहे, आणि एसटीच्या खाजगीकरणाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या एका गाडीवरूनच सांगता येईल.

चालक-वाहक रात्री देवळात पथारी टाकतात. पहाटे वाहक फडक्याने काचेवरचे दव पुसतो आणि डबल बेल देतो, तेव्हा आत जेमतेम पंधरा माणसे असतात: मोफत पासावर शाळेला निघालेल्या मुली, मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास करणाऱ्या बायका आणि पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे तिकीटच न लागणारे, दवाखान्याला निघालेले दोन-तीन म्हातारे. पुऱ्या तिकिटाचा बहुधा मी एकटाच. या फेरीत डिझेलचाही खर्च निघत नसणार, हे उघड आहे.

ही फेरी कोणताही खाजगी वाहतूकदार घेणार नाही, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला धंदा करायचा असतो. खाजगी गाड्यांनी एसटीच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये, असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. तरीही गेल्या दिवाळीत पुण्याहून येताना एका ट्रॅव्हल्सवाल्याने माझ्याकडून जवळजवळ तिप्पट पैसे घेतले. २०२१-२२ च्या संपात एसटी बंद होती, तेव्हा वडापच्या जीपगाड्या डांबरी रस्त्यापर्यंतच येत, आणि आमच्या मुली तिथवर चालत जात.

लांब पल्ल्याच्या मार्गांवर महामंडळाने भाडेतत्त्वावर गाड्या घेण्यास माझी हरकत नाही. परंतु सवलती जाहीर करायच्या सरकारने आणि तोट्याचा ठपका मात्र बसायचा एसटीवर, हे मला अन्यायाचे वाटते. सवलतींची प्रतिपूर्ती दरमहा पूर्ण मिळावी, आणि वाड्यावस्त्यांच्या फेऱ्यांचा खर्च शाळा-दवाखान्यांच्या खर्चासारखाच राज्याच्या अर्थसंकल्पात उघडपणे मांडावा. रस्त्याचा खर्च टोलनाका नसला तरी सरकार करतेच. मग त्या रस्त्यावरून धावणाऱ्या एकमेव गाडीकडूनच नफ्याची अपेक्षा का धरावी?

सेवेबद्दल सांगायचे तर, चालक-वाहक प्रत्येक प्रवाशाला नावाने ओळखतात आणि म्हातारी माणसे चढेपर्यंत गाडी हलत नाही. आता दुपारची एक फेरी मिळाली, तर दवाखान्यातून सुटलेल्यांना रात्रीच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर बसावे लागणार नाही.