२७ इंची आयपीएस मॉनिटर: पॅनल चांगलाय, बटणं वैताग

नवीन मॉनिटर घेतलाय, २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेल, आयपीएस पॅनल. पॅनल म्हणजे चित्र दाखवणारी आतली काच, आयपीएस हा तिचा एक प्रकार. कंपनीचं नाव मुद्दामच टाकत नाहीये कारण नावावरून चित्राबद्दल फारसं काही कळतच नाही. पॅनल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच, एलजी डिस्प्ले, बीओई, एयूओ, इनोलक्स वगैरे, आणि कॉम्प्युटरवाले बहुतेक ब्रँड त्यांच्याकडूनच माल उचलतात, म्हणजे जाहिरातीत दोन ब्रँड एकमेकांवर तुटून पडलेले आणि आतली काच एकाच कारखान्यातली, असंही असू शकतं. वर कहर म्हणजे कधीकधी एकाच मॉडेल नंबरखाली वेगळ्या लॉटमध्ये वेगळा पॅनल निघतो. त्यामुळे हे वाचून तोच मॉडेल घेतलात तरी पीस सेम टू सेम निघेल असं नाही.

तर माझा पीस. अक्षरं एकदम शार्प. २४ इंची फुल एचडीवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल पडतात, इथे १०९, कोडिंग किंवा एक्सेलमध्ये दिवस काढणाऱ्याला फरक लगेच जाणवतो. बाजूने बघितलं तरी रंग बदलत नाहीत, जुन्या टीएन प्रकारच्या पॅनलवर जरा मान हलवली की सगळं उलटसुलट व्हायचं ते इथे नाही. काळा मात्र काळा नाहीच. लाईट घालवून सिनेमा लावला की कोपरे राखाडी चमकतात, साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला उजेडाचा फरक) १००० ला १ च्या आसपासच असतो, व्हीए नावाचा दुसरा प्रकार ३००० किंवा त्याच्याही वर जातो पण त्यात बऱ्याचदा गडद सीनमध्ये हलत्या गोष्टींमागे शेपूट दिसतं. मला दिवसा काम करायचंय म्हणून आयपीएस. बॉक्सवर एचडीआर (उजेड आणि अंधार दोन्ही ठळक दाखवणारं चित्र) पण छापलंय, लोकल डिमिंग म्हणजे गडद भागातला उजेड तेवढाच कमी करायची सोय नसताना त्याला काय अर्थ आहे देव जाणे, चालू केलं की सगळं फिकट, बंद करून टाकलं.

ब्रँडची खरी मारामारी असते ती काचेच्या बाहेर. स्टँड वर-खाली होतो, स्क्रीन उभी फिरते, यूएसबी-सीच्या एकाच वायरवर चित्रही येतं आणि लॅपटॉप ६५ वॅटने चार्जही होतो, इथे पैकीच्या पैकी. मेन्यूची बटणं मात्र मागच्या बाजूला, चाचपडत दाबायची, ब्राइटनेस वाढवायला जावं तर इनपुटच बदलतं.

आणि ब्रँड खाली कितीही भांडले तरी पॅनलच्या भावाचा खेळ वरच चालायचा. २००८ मध्ये एलजी डिस्प्ले, शार्प आणि तैवानच्या चुंगव्हाने अमेरिकेत कबूल केलं की आम्ही भाव संगनमताने ठरवले, तिघांना मिळून ५८.५ कोटी डॉलर दंड, मग २०१२ मध्ये एयूओला ५० कोटींचा. म्हणजे डेल, ॲपलसारखे तगडे ग्राहकसुद्धा त्यात फसले होते, आपलं काय घेऊन बसलात! नंतर चिनी कारखान्यांनी एवढी काच ओतली की सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडी पॅनल बनवणंच थांबवलं.

वॉरंटीत डेड पिक्सेलची (बंद पडलेल्या ठिपक्याची) अट घ्यायच्या आधी वाचा. माझ्यात खाली डावीकडे एक निघालाय आणि सर्व्हिसवाले म्हणतात एकासाठी बदलून मिळत नाही. टास्कबारमध्ये लपतो म्हणून चालवून घेतोय. पाचपैकी साडेतीन, अर्धा बटणांचा कापला.