दम कोणत्या गिअरमध्ये कमी पडतो? तीनशेवरून मोठ्या ड्युअल-स्पोर्ट गाडीकडे जाताना

अडीचशे-तीनशे सीसीच्या ड्युअल-स्पोर्ट गाडीवर (डांबरी रस्ता आणि रानवाट दोन्हींवर चालणाऱ्या मोटरसायकलीवर) काही वर्षे रानवाटा तुडवल्यानंतर बहुतेक चालकांना एके दिवशी वाटू लागते की आता गाडीचा दम कमी पडतो आहे. ही तक्रार सहसा खरी असते, पण तिचे निदान अनेकदा चुकते. लांब चढावर गाडी मरगळते, तेव्हा त्याचे कारण इंजिन असू शकते, तसेच चुकीची स्प्रॉकेट जोडी (चेन ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चक्रे), मऊ सस्पेन्शन किंवा झिजलेला मागचा टायरही असू शकतो. मोठी गाडी हा यांपैकी फक्त पहिल्या कारणावरचा उपाय आहे. ज्याच्या दारात आज होंडा सीआरएफ ३०० एल किंवा कावासाकी केएलएक्स ३०० या वर्गातली गाडी उभी आहे आणि ज्याचे लक्ष ४००, ६५० किंवा ६९० कडे लागले आहे, अशा चालकासाठी हा आढावा आहे. दोनशे किलोंच्या घरातल्या ॲडव्हेंचर गाड्या मी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत, कारण त्यांचा खरा उपयोग पाऊलवाटेवर नसून लांबच्या प्रवासात आहे.

निर्णयाआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे: गाडीचा दम नेमका कोणत्या गिअरमध्ये कमी पडला? पहिल्या गिअरमध्ये तीनशेची गाडीसुद्धा घसाऱ्यावर (सुट्या, निसटत्या दगडांच्या उतारावर) मागचे चाक जागच्या जागी फिरवू शकते. तिथे अडते ती टायरची पकड आणि चालकाचा तोल. इंजिनाची ताकद तिथे आधीच गरजेपेक्षा जास्त आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वाळू, ओला चिखल किंवा लांब चढ आला आणि गाडी वेग टिकवू शकली नाही, तर मात्र शक्तीची उणीव खरी आहे. आणि डांबरी रस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये इंजिन सारखे कण्हत असेल, तर तीही उणीव खरीच, पण तिचा पाऊलवाटेशी काही संबंध नाही. या तीन उत्तरांचे तीन वेगळे उपाय आहेत.

पहिल्या उत्तरापासून सुरुवात करू, कारण त्यावरचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. सीआरएफ ३०० एलमध्ये २८६ सीसीचे, सुमारे २७ अश्वशक्तीचे इंजिन आहे. पेट्रोलसह वजन १४२ किलो, सीटची उंची ८८० मिमी आणि गिअर सहा. कारखान्यातून ती पुढे १४ आणि मागे ४० दात्यांच्या स्प्रॉकेटसह येते. पुढचे स्प्रॉकेट १३ दात्यांचे बसवले की मागच्या-पुढच्या दात्यांचे गुणोत्तर २.८६ वरून ३.०८ होते, म्हणजे त्याच इंजिनाचा मागच्या चाकावरचा जोर सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढतो आणि वळणावळणाच्या चढावर दर दोन मिनिटांनी हाफ क्लच धरावा लागत नाही. पुढचा एक दाता कमी करणे हे मागचे तीन दाते वाढवण्याच्या बरोबरीचे असते, हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. या गाडीची खरी दुखरी नस तिचे मऊ सस्पेन्शन आहे. सामानासुमानासह नव्वद किलोंचा चालक उभ्याने एखाद्या दगडी पायरीवरून उतरला की पुढचे फोर्क (पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळ्या) खाली आपटतात, चालक नकळत थ्रॉटल सोडतो, गाडीचा वेग मरतो आणि दोष इंजिनाच्या माथी येतो. चालकाच्या वजनाला साजेशा स्प्रिंग बसवल्यानंतर ‘माझी गाडी जास्त पळू लागली’ असे सांगणारे लोक मला भेटले आहेत, आणि ते खोटे बोलत नव्हते.

उंच प्रदेशात फिरणाऱ्यांसाठी येथे एक टीप जोडतो. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवेची घनता सुमारे एक चतुर्थांशाने घटते आणि टर्बो नसलेल्या कोणत्याही इंजिनाची शक्ती साधारण त्याच प्रमाणात उतरते. २७ अश्वशक्तीची गाडी तिथे विशीत येते. फ्युएल इंजेक्शन असेल तर पेट्रोल-हवेचे मिश्रण आपोआप जुळते, पण कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल प्रमाणाबाहेर जाऊन ती धापा टाकते. ज्यांच्या वाटा कायम इतक्या उंचीवर असतात, त्यांच्या बाबतीत मोठ्या इंजिनाची मागणी मी चटकन मान्य करतो.

आता दुसरे उत्तर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली उणीव. येथे ४०० चा वर्ग सर्वांत विचारात घेण्याजोगा आहे. सुझुकी डीआर-झेड ४०० एस ही गाडी २००० साली आली. ३९८ सीसी, पाणी फिरवून थंड होणारे इंजिन आणि सर्व द्रवांसह १४४ किलो वजन, म्हणजे तीनशेपेक्षा जेमतेम दोन किलो जास्त. सस्पेन्शनही तीनशेपेक्षा पुष्कळ भारदस्त. तिचा दोष गिअरबॉक्समध्ये आहे: गिअर पाचच असल्याने पहिला गिअर चिंचोळ्या वाटेवर उंच वाटतो, तर पाचवा महामार्गावर कमी पडतो. पुढचे स्प्रॉकेट लहान करून पहिल्याची तक्रार मिटवली की पाचव्याची वाढते. २०२५ मध्ये तिची वारस डीआर-झेड ४ एस आली, तिच्यात फ्युएल इंजेक्शन, ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) आणि बंद करता येणारे एबीएस मिळते. शक्ती सुमारे ३८ अश्वशक्ती, वजन १५१ किलो, सीट ९२० मिमी, टाकी ८.७ लिटर. गिअर मात्र अजूनही पाचच, याची मला खंत वाटते. ज्यांना सहा गिअर हवेतच, त्यांनी ३९९ सीसीची, ४४ अश्वशक्तीची केटीएम ३९० एन्ड्युरो आर बघावी. पण ती पेट्रोल न भरताही दीडशे किलोंच्या पुढे जाते आणि तिच्या सस्पेन्शनची चाल (चाक वर-खाली होण्याचे अंतर) सुझुकीपेक्षा कमी आहे, हे ध्यानात ठेवावे.

आकडे शेजारी ठेवून पाहिले की फरक नीट कळतो. साधनांसह चालक ८५ किलोंचा धरला, तर सीआरएफवर प्रत्येक अश्वशक्तीमागे सुमारे साडेआठ किलो येतात आणि डीआर-झेड ४ एसवर सव्वासहा. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर, २६-२७ न्यूटन-मीटरवरून ३७ वर जातो. वाळूच्या पट्ट्यात तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर पुढचे चाक हलके होऊन वर तरंगू लागते की रुतत जाते, हा फरक याच आकड्यांत दडलेला आहे. आणि त्यासाठी मोजावे लागतात नऊ किलो आणि चार सेंटिमीटर उंची. हा सौदा मला वाजवी वाटतो.

साडेसहाशेच्या बाबतीत मात्र माझा हात आखडता आहे. होंडा एक्सआर ६५० एल ही १९९३ पासूनची आणि सुझुकी डीआर ६५० एस ही आजच्या रूपात १९९६ पासूनची गाडी. दोन्हींची इंजिने ६४४ सीसीची, दोन्हींत कार्ब्युरेटर, दोन्हींत पाच गिअर. पहिली हवेने थंड होते, दुसरीला त्याच्या जोडीला ऑइल कूलर आहे. रेडिएटर नसल्याने पडल्यावर तो फुटण्याची भीती नाही, आणि साध्या रचनेमुळे दुरुस्ती कुठेही होते. वजने अनुक्रमे १५७ आणि १६६ किलो. कागदावर हे चारशेपेक्षा फार वाटत नाही, पण एवढा मोठा एकच पिस्टन कमी फेऱ्यांवर आचके देतो, चेन खडखडते आणि चालण्याच्या वेगाने जाताना क्लचवरचा हात सुटत नाही.

एकदा एका मित्राची साडेसहाशे मागून घेऊन मी माझ्या नेहमीच्याच वाटेवर गेलो होतो. मोकळ्या मुरमावर ती इतकी सुरेख धावली की परत आल्यावर विकत घ्यायचीच, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. पुढे उताराला आडवी जाणारी, घसाऱ्याची दोनशे-एक मीटरची पट्टी लागली आणि गाडी उताराच्या बाजूला आडवी झाली. चाके वर, हँडल खाली. अशा वेळी गाडी उचलण्याआधी ती पाठीवर गोल फिरवून चाके उताराकडे आणावी लागतात, हे मला माहीत होते, पण निसटत्या दगडांवर स्वतःचे पाय रोवून एवढे वजन फिरवताना काय होते ते त्या दिवशी कळले. दुसऱ्यांदा पडली तेव्हा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओघळले आणि इंजिन ओले झाले. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून बराच वेळ स्टार्टर दाबल्यावर ती कशीबशी जागी झाली. तिसऱ्यांदा ती पडली तेव्हा मी तिच्याशेजारी बसून पाणी प्यालो आणि अर्धा तास उठलोच नाही. माझ्या तीनशेवरही मी त्याच पट्टीत पडतो, फक्त लगेच उठतो.

म्हणून साडेसहाशे ही तिसऱ्या उत्तराची गाडी आहे. घर आणि पाऊलवाट यांच्या मध्ये साठ-सत्तर किलोमीटर डांबरी रस्ता असेल, वाटेत सामान लादायचे असेल आणि रानातला भाग बहुतांशी रुंद मातीच्या रस्त्यांचा असेल, तर तिच्याइतकी समाधान देणारी गाडी दुसरी नाही. बुटक्या चालकांसाठी डीआर ६५० ची ८८५ मिमीची सीट एक्सआरच्या ९४० मिमीपेक्षा खूपच सोयीची पडते.

केटीएम ६९० एन्ड्युरो आर ही मोहात पाडणारी गाडी आहे. ६९३ सीसीच्या एका सिलिंडरमधून सत्तरीच्या पुढची अश्वशक्ती, सहा गिअर, आणि पेट्रोल भरून वजन १६० किलोंच्या आसपास. म्हणजे डीआर ६५० पेक्षाही हलकी आणि शक्ती दीडपटीहून अधिक. तिची टाकी सीटखाली असून तीच मागच्या सांगाड्याचे काम करते, त्यामुळे भरल्या टाकीचा भार मागे येतो आणि मागे लादलेले सामान तिच्यावरच पेलले जाते. मोकळ्या वाळवंटी वाटेवर तिला तोड नाही. पण झाडांमधल्या वळणदार वाटेवर, जिथे दुसरा गिअरही क्वचितच पूर्ण उघडता येतो, तिथे तीन चतुर्थांश शक्ती नुसती वाहून न्यायची असते. ज्याला पाऊलवाट हाच मुख्य छंद आहे, त्याने ही गाडी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

वजनही कमी आणि शक्तीही जास्त, असा पर्याय नाहीच का, हा प्रश्न येथे उभा राहतो. तो आहे, फक्त त्याची किंमत वेगळ्या खात्यात वसूल होते. केटीएम ५०० ईएक्ससी-एफ पेट्रोलशिवाय एकशेदहा किलोंच्या आतबाहेर बसते आणि होंडा सीआरएफ ४५० आरएल पेट्रोलसह १३२ किलोंच्या आसपास. चढ, वाळू, चिखल, सगळीकडे त्या तीनशेला सहज मागे टाकतात. पण ही स्पर्धेच्या गाड्यांपासून घडवलेली इंजिने आहेत. त्यांत ऑइल थोडे असते आणि ते वारंवार बदलावे लागते. होंडाला ते हजार किलोमीटरच्या आसपास हवे असते, केटीएमची देखभाल तर किलोमीटरवर नव्हे, इंजिन चाललेल्या तासांवर मोजतात. तुलनेसाठी, ६९० चा सर्व्हिसिंगचा टप्पा १०,००० किलोमीटरचा आहे. ज्याला दर दोन रविवारी ऑइल बदलायला आवडते, एअर फिल्टर धुण्यात ज्याची संध्याकाळ आनंदात जाते आणि जो गाडी ट्रेलरवरून वाटेच्या तोंडाशी नेऊ शकतो, त्याच्यासाठी खरी बढती हीच. सीट साडेनऊशे मिमीच्या वर किंवा त्याच्या जवळपास असते, त्यामुळे दगडधोंड्यांत पाय टेकवायची सवय असलेल्याने आधी बसून पाहावे. उभी गाडी दाखवते त्यापेक्षा बसल्यावर ती बरीच दबते, हे खरे. पण उतारावर थांबल्यावर एका बाजूची जमीन पायाखालून तेवढीच दूर गेलेली असते.

तुमचे उत्तर ‘पहिला गिअर’ असेल, तर आहे ती गाडी ठेवा आणि स्प्रॉकेट, स्प्रिंग व टायर यांवर खर्च करा. ‘दुसरा-तिसरा’ असेल, तर चारशेकडे वळा. देखभालीची हौस असेल तर साडेचारशे-पाचशेच्या हलक्या गाडीकडे. ‘सहावा’ असेल, तर साडेसहाशे. आणि ६९० मनात भरलीच असेल, तर ती घेण्याचे कारण पाऊलवाट आहे असे घरच्यांना सांगू नका.

गाडी पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याची परवानगी घेऊन ती गवतावर हलकेच आडवी करा आणि एकट्याने उचला. लगेच दुसऱ्यांदा उचला. मग दहा मिनिटे तिच्यावर उभ्याने, पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने आठ आकड्याची वळणे घ्या, आणि खाली उतरून तिसऱ्यांदा उचला. हात त्या वेळी थरथरत असतील, तर दुपारी तीन वाजता घसाऱ्यावर ते त्याहून जास्त थरथरतील.