धरमपेठेतली न्यूमेरिकलची वीकेंड बॅच: शिकवणं झकास, कूलर बेकार

एमेस्सीच्या दुसऱ्या वर्षाला ॲप्रॉक्सिमेशन थिअरी (अवघड फंक्शनच्या जागी जवळपास तसंच सोपं फंक्शन घ्यायचं गणित) पूर्ण डोक्यावरून जात होती, म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून नागपूरच्या धरमपेठेतल्या एका न्यूमेरिकल ॲनालिसिसच्या क्लासची वीकेंड बॅच लावली, झाशी राणी चौकात मेट्रोतून उतरलं की पायी जाता येते. नाव नाही घेत, कारण पुढे तक्रार पण आहे.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर ० ते १ मध्ये सारख्या अंतरावर ११ टिंबं काढली, सगळी शून्यावर, अन विचारलं, ह्या फंक्शनचा मॅक्स नॉर्म, म्हणजे शून्यापासून जास्तीत जास्त अंतर, किती? आम्ही सगळे एका सुरात, झिरो सर! ते काहीच बोलले नाहीत, त्याच टिंबांतून साइन १० पाय एक्सची नागमोडी रेघ मारली. मॅक्स नॉर्म १, एल-टू नॉर्म (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ०.७०७, अन आमच्या हाती ११ च्या ११ शून्य. मग म्हणे, मे महिन्यात रोज पहाटे ५ लाच थर्मामीटर पाहाल तर नागपूर पण चिखलदरा वाटन बाप्पा.

म्हणजे फंक्शन किती नाचू शकते हे आधी माहीत पाहिजे, तरच टिंबांना अर्थ. डिग्री एन चं ट्रिग पॉलिनॉमियल (थीटाच्या एन पटीपर्यंतच्या साइन-कॉसची बेरीज) असलं तर वर्तुळावर सारख्या अंतरावरचे २एन+१ पॉइंट एल-टू नॉर्मसाठी पुरतात, उत्तर अगदी एक्झॅक्ट येते. मॅक्स नॉर्म एवढा साधा नाही, पण ४एन पॉइंट घेतले तर खरा मॅक्स तुमच्या सॅम्पलमधल्या मॅक्सच्या रूट २ पटीच्या वर जाऊच शकत नाही. माझा विश्वास नव्हता, घरी कॉस थीटा घेऊन ४५, १३५, २२५, ३१५ अंशांवर करून पाह्यलं: चारही जागी ०.७०७, प्लस नाहीतर मायनस, अन खरा मॅक्स १, बरोब्बर रूट २ पट! वर्गांची सरासरी मात्र ०.५, इंटिग्रल काढून येते तीच.

जर्मन गणिती रुंगेचं १९०१ चं उदाहरण पण लॅपटॉपवर दाखवलं. १ भागिले १+२५एक्स², उणे १ ते १, सारख्या अंतरावर ११ पॉइंट, त्यांतून जाणारं पॉलिनॉमियल काढलं, फंक्शन स्वतः १ च्या वर जात नाही अन टोकाजवळ चूक १.९ च्या वर! चेबिशेव्ह पॉइंट घेतले, म्हणजे टोकाकडे दाट अन मधात विरळ, तर तेवढ्याच ११ पॉइंटमध्ये ०.११.

आता तक्रार. प्रूफ जवळजवळ नाहीच, बर्नस्टाइनची इनइक्वॅलिटी (पॉलिनॉमियल किती जोरात बदलू शकते त्याची मर्यादा) आली की "हे ध्यानात ठेवा" म्हणून पुढे, काहून ध्यानात ठेवा, रूट २ चा सगळा खेळ तर तिच्याच जास्त कडक रूपातून येते ना! नोट्सची झेरॉक्स इतकी फिक्कट की नॉर्मच्या खाली २ (एल-टू) आहे का इन्फिनिटी (मॅक्स) तेच कळत नाही, अन इथे तर सगळा फरक तेवढाच असते. रेकॉर्डिंग देऊ म्हणाले होते, अजून दिलं नाही.

उन्हाळ्याच्या बॅचला जाणार असाल तर खिडकीजवळचा बाक धरा, कूलरची हवा तिथपर्यंतच येते.