मुलाच्या कपड्यांची गोधडी शिवून घेतली, त्याबद्दल

माझा मुलगा रक्ताच्या कॅन्सरने गेला तेव्हा ७ वर्षांचा होता. दोन वर्षं त्याचे कपडे कपाटात तसेच होते. कुणाला तरी देऊन टाक, असं घरचे म्हणायचे, माझ्याने होईना. शेवटी गाठोडं घेऊन मिरजेच्या एका मावशींकडे गेले. त्या घरीच, हाताने गोधड्या शिवतात. पाटी नाही, दुकान नाही.

एकेक कपडा त्यांनी मांडीवर पसरून पाहिला. एका शर्टाची उजवी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उसवलेली, कडेला चार टिचबटणं. परळला टाटात उपचार चालू असताना त्याच्या दंडात पिक लाइन होती. केमोने हाताच्या बारीक शिरा जळू नयेत म्हणून दंडातून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी असते ती. दर आठवड्याला ड्रेसिंग बदलायचं, पाणी लागू द्यायचं नाही. शर्ट घालताना नळी ओढली जाईल याची तर कायम धास्ती. म्हणून खोलीवर बसून मीच त्याचे पाच शर्ट तसे करून घेतले होते. त्यातला हा एक उरला. दुसऱ्या कुणी ती बाही कापून सरळ केली असती. मावशींनी विचारलं, "ही अशीच ठेवू ना?" आता ती गोधडीच्या मधोमध आहे. बटणं लावता येतात, काढता येतात.

काम फार सुबक. धावदोरा एकसारखा, आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे दोन थर. शाळेची पँट टेरिकॉटची, हातसुई तिच्यातून नीट जात नाही, म्हणून ती कडेला लावते असं त्यांनी आधीच सांगितलं. पाच बाय चार फुटांचे १,८०० रुपये घेतले.

पण पंधरा दिवस सांगून सव्वा महिना लावला. घरात कपडे नाहीत आणि गोधडीही नाही, ते दिवस मला फार जड गेले. असे कपडे घेताना तरी तारीख खरी सांगायला हवी. बटणं अंगाला टोचतात, हेही खरं. धाकटी मात्र त्यांच्यावरच हात ठेवून झोपते.

शिवण्याआधी त्या सगळं गरम पाण्यातून काढतात. जे धुवायचं नसेल ते आधीच बाजूला ठेवा. हे ऐकल्यावर मी एक बनियन गाठोड्यातून काढून पिशवीत परत घातला. मावशींनी पाहिलं, विचारलं काही नाही. पिशवीची गाठ तेवढी घट्ट मारून दिली.