जुन्या वर्कहाऊसमधला फ्लॅट, दोन वर्षं राहून लिहितेय

इंग्लंडमध्ये जुन्या वर्कहाऊसचे (म्हणजे पूर्वी गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या इमारतींचे) फ्लॅट करून विकतात ना, तसाच एक आम्ही घेतलाय. घर म्हणून खरंच आवडलंय. विटांच्या भिंती जाडजूड, शेजारचा आवाज अजिबात नाही, छत उंच आणि उन्हाळ्यात मस्त गार. वायफाय मात्र भिंतीपलीकडे जात नाही, दुसरा राउटर लावावाच लागला.

इमारत ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारच्या जतन करायच्या वास्तूंच्या यादीत आहे, त्यामुळे खिडक्या बदलायच्या तर काउन्सिलची परवानगी हवी, न विचारता बदलल्या तर चक्क गुन्हा. आम्ही विचारून आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे जुन्या खिडकीच्या आत काचेचा दुसरा थर, बसवलं, थंडी बरीच कमी झाली.

खरा त्रास ओलीचा झाला. जुनं बांधकाम चुन्यातलं, ओल त्या चुन्यातून बाहेर पडून वाळते, पण बिल्डरने विटांमधल्या दरजा सिमेंटने भरून टाकल्या मग ओल आतच अडकली आणि पहिल्याच हिवाळ्यात बेडरूमचं प्लास्टर फुगून पोपडे पडायला लागले. शेवटी सिमेंट खरवडून परत चुना भरला आणि तो खर्च सर्व्हिस चार्जमधून आमच्याच माथी.

अजून एक गोष्ट मनाला लागते. ब्रोशरमध्ये नुसतं ‘व्हिक्टोरियन वास्तू’ लिहिलं होतं. १८३४ च्या पुअर लॉ, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या कायद्यानंतर अशा जागी मदत मागायला आलेल्या कुटुंबाला दारातच वेगळं करायचे, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. पुरुष दगड फोडायचे, जुने दोरखंड बोटांनी उसवायचे. आमची इमारत फुलीच्या आकाराची आहे, मधल्या भागातून वर्कहाऊस चालवणाऱ्या मुख्याला चारही अंगणं दिसावीत म्हणून, आणि तिथेच आता आमची लॉबी आहे. १९३० मध्ये वर्कहाऊसची पद्धत कायद्याने संपली, बऱ्याच ठिकाणी पुढे हॉस्पिटलं झाली, तरी म्हातारी माणसं तिथे अॅडमिट व्हायला घाबरायची म्हणे. हे सगळं सांगणारी एक साधी पाटीसुद्धा आमच्याकडे नाही. मी मॅनेजमेंटला दोनदा लिहिलं, फ्लॅटच्या किमती पडतील असं उत्तर आलं. मला नाही पटत, आम्हाला आधी कळलं असतं तरी आम्ही हेच घर घेतलं असतं.

पाचपैकी साडेतीन. बघायला जाल तेव्हा किचनच्या आधी बाहेरच्या भिंतीच्या दरजा बघा, आणि जुन्या इमारतींची माहिती असलेलाच सर्व्हेअर (घेण्याआधी घर तपासणारा) न्या, आमच्याला चुना-सिमेंटमधला फरकच कळला नव्हता.