तीन मुलं, तीन वयं आणि एकच द्विभाषिक शाळा: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या वर्षी तिन्ही मुलांना एकदमच एका खाजगी द्विभाषिक (मराठी-इंग्रजी) शाळेत घातलं, त्याला आता दहा महिने झाले. धाकटा चार वर्षांचा, मधली नऊची म्हणजे चौथीत आणि थोरला तेराचा, आठवीत. थोरला आणि मधली आधी पूर्ण मराठी माध्यमात होते. खरं सांगायचं तर निवडताना सोयच जास्त बघितली, तिघं एकाच गेटातून आत जाणार, सुट्ट्या एकत्र, पालकसभा एकाच दिवशी. लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांसाठी एकच शाळा, हे ऐकायला फार छान वाटतं. पण एक शाळा सगळ्या वयांना सारखीच मानवते असं अजिबात नाही आणि हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

धाकट्यापासून सुरू करते कारण तिथे सगळं छान झालं. पहिले अडीच महिने तो वर्गात एक अक्षर बोलला नाही. घरी अखंड बडबड आणि शाळेत चिडीचूप, मी तर घाबरूनच गेले होते. त्याच्या टीचरनी शांतपणे सांगितलं की नवीन भाषेत पडलेली बरीच मुलं आधी नुसतं ऐकतात, त्याला बोलायला लावू नका, विचारू पण नका. मग एका संध्याकाळी बघते तर हा बाहुल्या आणि अस्वलं भिंतीला ओळीत लावून बसलेला, आणि एका अस्वलाला बोट दाखवून, 'सिट डाऊन, नो पुशिंग, वन बाय वन!' अगदी टीचरच्या आवाजात. मी दाराआड उभी राहून ऐकत होते, डोळ्यात पाणीच आलं. आता तो 'आई मी शूज वेअर केले' असलं काहीबाही बोलतो, त्यावर घरातले मोठे नाराज होतात, पण मुलं दोन भाषा मिसळतात म्हणजे त्यांचा गोंधळ उडालाय असं नसतं, जो शब्द आधी हाताशी येतो तो वापरतात. आम्ही चूक काढत नाही, 'हो का, बूट घातलेस?' एवढं म्हणून पुढे जातो.

मधलीचे पहिले चार महिने वाईट गेले. विज्ञानाच्या पेपरात प्रश्न होता की ओल्या फरशीवरचं पाणी कुठे जातं. घरी विचारलं तर हिने मला मराठीत बाष्पीभवन व्यवस्थित समजावून सांगितलं, ऊन असलं की लवकर का वाळतं ते पण, आणि पेपरात काय लिहिलं होतं तर 'वॉटर गो अप' एवढंच. तीनपैकी एक मार्क. ती रडली नाही, नुसती म्हणाली, 'आई, मला येत होतं गं.' हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. मी पेपर घेऊन शाळेत गेले आणि इथे शाळेला पूर्ण मार्क द्यायला हवेत, कारण विज्ञानाच्या मॅडमनी लगेच पद्धत बदलली. आधी मराठीत उत्तर लिहायचं, मग त्यातले महत्त्वाचे शब्द इंग्रजीत खाली लिहायचे, मग जमेल तसं वाक्य. तीन महिन्यांत वही बघण्यासारखी झाली. एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत परत शिकावी लागत नाही, फक्त तिचे शब्द शिकावे लागतात, हे मी समोर घडताना बघितलं.

थोरल्याचं मात्र अवघड आहे. गणितात तो आधीच्या शाळेत पहिल्या तिघांत असायचा. इथे असमानतेचं एक शाब्दिक उदाहरण आलं, त्यात 'ॲट लीस्ट' होतं, म्हणजे किमान, तेवढं किंवा त्याहून जास्त. पण नुसतं लीस्ट म्हणजे सगळ्यात कमी, म्हणून याने चिन्ह उलटं टाकलं, पुढची आकडेमोड अगदी बरोबर आणि उत्तर चूक. असं एकदा नाही, पानापानावर. मित्रांशी बोलतो फाडफाड, त्यामुळे शिक्षकांना वाटतं भाषा आली, आता अभ्यासच करत नाही. कॅनडातले द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हाच फरक मांडला होता, रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी, पहिली साधारण २ वर्षांत येते आणि दुसरीला ५ ते ७ वर्षं लागू शकतात. चार वर्षांच्या मुलाकडे तेवढा वेळ आहे. आठवीतल्या मुलाकडे नाही, त्याची महत्त्वाची परीक्षा त्याआधीच येऊन उभी राहते. उशिरा येणाऱ्या मुलांसाठी वेगळा आधार वर्ग आहे का असं मी प्रवेशाच्या वेळी विचारलं होतं, 'हो हो, आम्ही सगळ्यांकडे वैयक्तिक लक्ष देतो' असं उत्तर मिळालं आणि मी त्यावर समाधान मानलं. प्रत्यक्षात असा वर्ग नाहीच.

प्रवेशाच्या सभेत कॅनडाचंच उदाहरण देतात, १९६५ मध्ये माँट्रियलजवळ सेंट लँबर्टला इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमध्ये शिकवलं आणि त्यांचं इंग्रजी मागे पडलं नाही. खरं आहे ते. पण ग्यानबाची मेख अशी की त्या मुलांची घरची भाषा बाहेर सगळीकडे वजनदार होती, ती पुसली जायची भीतीच नव्हती. त्याच संशोधनातले वॉलेस लँबर्ट यांनी पुढे हा भेद सांगितला की दुसरी भाषा कधी पहिलीत भर घालते आणि कधी पहिलीला बाजूला सारते. म्हणून द्विभाषिक शाळेत मी आता इंग्रजी कसं आहे हे नंतर बघेन, घरची भाषा किती गंभीरपणे घेतात ते आधी.

ते कळतं वेळापत्रकावरून. माहितीपत्रकावर निम्मा वेळ मराठी निम्मा इंग्रजी असं होतं, पण वेळापत्रक हातात आल्यावर दिसलं की मराठीत भाषेचा तास, चित्रकला आणि खेळ, आणि गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीत. तास मोजले तर जवळपास निम्मे भरतात हो, पण ज्या भाषेत कुठलाच जड विषय शिकवत नाहीत ती भाषा मुलांच्या नजरेत आपोआप हलकी होते. त्यात मधेच मराठीच्या बाई सोडून गेल्या आणि सहा आठवडे त्या तासाला इंग्रजीचा सराव घेतला. कोणी साधं कळवलं पण नाही, मुलीच्या वहीत सहा आठवडे तारीखच नाही तेव्हा मला कळलं. या गोष्टीचा मला अजून राग आहे. इंग्रजीच्या टीचर गेल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी मेसेज आला असता.

शाळा शोधत असाल तर चालू वर्गात अर्धा तास बसू द्या म्हणा, सजवलेल्या हॉलमध्ये नको. लायब्ररीत दोन्ही भाषांची कपाटं बघा, कुठली पुस्तकं हाताळून मऊ झालीत आणि कुठली कडक कोरी आहेत. पेपर कुठल्या भाषेत लिहायचा, मूल अडलं तर दुसऱ्या भाषेत लिहिलेलं चालतं का हे विचारा. प्रत्येक मुलाच्या इयत्तेसाठी हे वेगळं विचारा, कारण बालवर्गाच्या टीचर उत्तम आहेत याचा आठवीशी काही संबंध नाही. बिल्डिंग, मैदान, बस यावर मी काही लिहीत नाही, ते सगळं ठीक आहे.

धाकट्याचा आणि मधलीचा पुढच्या वर्षाचा फॉर्म भरून दिलाय. थोरल्याचा अजून टेबलावरच आहे. परवा मुख्याध्यापकांची वेळ घेतलीये, त्याला गणित आणि विज्ञानाचे आठवड्यातून दोन तास मराठीत समजावून द्याल का आणि कोण देणार, एवढं लेखी मागणार आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, 'आई, मित्र इथेच आहेत, पण गणित मला तिथे आवडायचं.'